साहेबांची वीस मिनिटं

समजा, एका विभागप्रमुखाकडे दिवसाला सरासरी चार अहवाल मंजुरीसाठी येतात. दिवस आठ तासांचा. एक अहवाल वाचून, दुरुस्त्या सांगून हातावेगळा करायला साहेबांना (मॅडम असतील तर त्यांना) दीड तास लागतो. चार अहवालांचे सहा तास झाले, दोन तास मोकळे उरले. मग एक दिवस साहेब ठरवतात की आपल्या सहीनं जे बाहेर जाईल त्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये. ते प्रत्येक अहवालावर वीस मिनिटं जास्त घालवू लागतात. शब्द तासतात, तक्त्यांच्या रेषा सरळ करतात, एखादा परिच्छेद स्वतःच नव्यानं लिहून काढतात. दिवसाकाठी ऐंशी मिनिटं वाढली. मोकळ्या दोन तासांत ती आरामात बसतात. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते रांगेत. अहवाल घड्याळ लावून येत नाहीत. सोमवारी सकाळी तीन एकदम येतात, मंगळवारी एकही नाही. एखादा पाऊण तासात संपतो, एखादा अर्धा दिवस खातो. रांगांचं गणित अशाच अनियमितपणावर उभं आहे. त्याची सुरुवात कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले आग्नर एर्लांग यांनी १९०९ साली केली, तेव्हा प्रश्न फोनच्या कॉलचा होता. त्यातल्या सगळ्यात साध्या सूत्रात आपले आकडे घातले, तर दीड तासाच्या हिशेबानं प्रत्येक अहवाल साहेबांच्या हातात पडेपर्यंत सरासरी साडेचार तास थांबतो. वीस मिनिटं वाढवली की तोच अहवाल सरासरी वीस तास थांबतो, म्हणजे कामाचे अडीच दिवस. अजून नऊ मिनिटं वाढवा, म्हणजे एका अहवालाला दोन तासांना एक मिनिट कमी. आता सरासरी वाट पाहणं जवळजवळ तीस दिवसांवर जातं. आणि पूर्ण दोन तास झाले की गणित हात टेकतं, रांग वाढतच राहते.

कारण साधं आहे. ते मोकळे दोन तास वाया जात नव्हते. सोमवारची गर्दी मंगळवारी जिरवायला तेच उपयोगी पडत होते. साहेबांनी ते काटेकोरपणात घालवले आणि गर्दी जिरायला जागाच उरली नाही.

खऱ्या ऑफिसात अर्थात कुणी तीस दिवस थांबत नाही. लोक वाटा शोधतात. कुणी साहेबांना टाळून परस्पर पाठवतो, कुणी ‘अर्जंट’ लिहून रांग मोडतो. साहेब रात्री दहापर्यंत बसतात आणि शेवटचे दोन अहवाल डोळे मिटत तपासतात. ज्या बिनचूकपणासाठी हा सगळा खटाटोप केला, तोच शेवटी हातचा जातो. आणि बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसतं? साहेब किती राबतात!

मी स्वतः काही वर्षं एक छोटी टीम सांभाळली आणि या साहेबांच्या जागी होतो. दुसऱ्याच्या मसुद्यावर लाल खुणा करण्यात मला मोठा आनंद व्हायचा, हे आधीच कबूल करतो. टीममधली एक सहकारी नेहमी डेडलाइनच्या अगदी तोंडावर काम पाठवायची. मला वाटायचं, आळस. बऱ्याच दिवसांनी, मी ती टीम सोडताना, ती हसत म्हणाली, “सर, आधी पाठवलं तर तुमच्या चार फेऱ्या व्हायच्या. शेवटी पाठवलं की एकच.” तिचं वागणं तिच्या बाजूनं पूर्ण शहाणपणाचं होतं. मूर्खपणा माझ्या नियमात होता.

इथे खरा मुद्दा येतो. ‘परफेक्ट नको, प्रगती हवी’ हे वाक्य ऑफिसांच्या भिंतींवर बऱ्याचदा दिसतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा ताण कमी करायचा, स्वतःला माफ करायचा सल्ला आहे. असेल. पण टीम चालवणाऱ्यासाठी त्याचा अर्थ वेगळा आहे. काम अर्धवट असताना बाहेर दिसलं, तर चूक स्वस्तात कळते. पूर्ण झाल्यावर दिसलं, तर तीच चूक महागात पडते. माणसं काम केव्हा दाखवतात, हे त्यांच्या स्वभावापेक्षा साहेबांच्या पहिल्या प्रतिक्रियेवर जास्त अवलंबून असतं. बाकी सगळं यातून निघतं.

चूक स्वस्तात कळणं म्हणजे काय, याचं मला आवडणारं उदाहरण विमानांचं आहे. १९५९ साली हेन्री क्रेमर या ब्रिटिश उद्योगपतीनं बक्षीस लावलं. अट अशी की विमान फक्त माणसाच्या शक्तीवर उडायला हवं आणि अर्ध्या मैलाच्या अंतरावर ठेवलेल्या दोन खुणांभोवती इंग्रजी आठच्या आकाराची फेरी मारायला हवी. पुढे बक्षिसाची रक्कम पन्नास हजार पौंडांवर गेली. अठरा वर्षं ते कुणाला मिळालं नाही. प्रयत्न करणारे काही कच्चे नव्हते. हलक्या लाकडाची सुबक, बारीक हिशेब करून बांधलेली विमानं होती ती. पण असं विमान एकदा आपटलं की दुरुस्तीत महिनोन् महिने जायचे. वर्षात मोजकीच उड्डाणं आणि त्यातून शिकायला मिळणारं तितकंच मोजकं.

अमेरिकी अभियंते पॉल मॅक्रेडी यांच्या डोक्यावर तेव्हा मोठं कर्ज होतं (मित्रासाठी जामीन राहिल्याचं फळ) आणि बक्षिसाची रक्कम साधारण तेवढीच होती. त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या, तारा आणि प्लास्टिकचा पातळ पडदा वापरून एक अवाढव्य, बेढब यंत्र उभं केलं. पंखांची लांबी सुमारे २९ मीटर, वजन ३२ किलोच्या आसपास. ते हळू उडायचं, जमिनीलगत उडायचं, त्यामुळे पडलं तरी चालवणाऱ्याला फारसं लागत नसे. मोडलं की चिकटपट्टी, नवी नळी, आणि बहुतेक वेळा लगेच पुन्हा तयार. इतरांना वर्षभरात जेवढं शिकायला मिळे, तेवढं या मंडळींना काही दिवसांत मिळू लागलं. २३ ऑगस्ट १९७७ रोजी ब्रायन ॲलन या सायकलपटूनं पायडल मारत त्या यंत्रातून आठचा आकडा पूर्ण केला. यंत्राचं नाव ‘गॉसमर काँडॉर’. दोन वर्षांनी त्याच गटाच्या पुढच्या विमानानं इंग्लिश खाडी ओलांडली.

लोक या गोष्टीतून ‘अपयशाला घाबरू नका’ एवढंच घेतात, आणि ते मला अपुरं वाटतं. मॅक्रेडी अपयशाला घाबरत होते की नाही, कोण जाणे. त्यांनी अपयशाची किंमत उतरवली, म्हणून न घाबरणं परवडलं. टीम चालवणाऱ्यानं उचलण्यासारखा भाग हा आहे. “बिनधास्त चुका करा” असं भाषण द्यायचं आणि पहिल्या चुकीला सगळ्यांसमोर झाडायचं, यात चुकीची किंमत तशीच राहते, फक्त भाषण वाढतं.

आता परफेक्शनिस्ट माणसाकडे थोडं नीट पाहू, कारण या शब्दाखाली दोन-तीन निराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली तीन प्रकार वेगळे केले. पहिला, स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा. दुसरा, इतरांकडून तीच अपेक्षा. तिसरा, जगाला माझ्याकडून अचूकताच हवी आहे अशी समजूत. साहेबात बहुधा पहिले दोन असतात. गंमत अशी की ते हाताखालच्या माणसांत उतरतात तेव्हा तिसरा होऊन उतरतात. ‘मी स्वतःवरही तेवढाच कडक आहे’ हे साहेबांचं समर्थन त्यामुळे टीमच्या काही कामाचं नसतं. त्यांना फक्त एवढंच कळतं की इथे चुकायची सोय नाही.

बरं, एवढं करून काम तरी सरस होतं का? २०१८ साली काही संशोधकांनी गेल्या काही दशकांतले नव्वदच्या वर अभ्यास एकत्र करून हे तपासलं. परफेक्शनिस्ट माणसं जास्त वेळ काम करतात, कामात जास्त गुंततात, हे दिसलं. थकवा, चिंता आणि ताण जास्त, हेही दिसलं. कामाच्या दर्जाशी मात्र नातं जवळपास सापडलंच नाही. त्यांनी उत्कृष्टतेची ओढ आणि चुकीची भीती असे दोन धागे वेगळे काढले होते, आणि त्रासाचा मोठा भाग भीतीच्या धाग्यात होता. मला हे पटतं. कारण ज्याला चुकीची भीती आहे, तो माणूस जिथे चूक पकडली जाईल तिथेच रंदा मारत बसतो. शब्दरचना, रंग, फॉन्ट. मूळ गृहीतक चुकलंय का, हे तपासायला तो फारसा उत्सुक नसतो. तिथे उत्तर ‘हो’ आलं तर सगळंच पुन्हा करावं लागेल.

लपवण्याचा प्रकार इथूनच सुरू होतो. टीम कशा चालतात याच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला होता, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी होती की ज्या टीम चांगल्या, त्यांच्याकडून औषधं देण्यात चुका कमी होत असतील. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका! नीट पाहिल्यावर उलगडा झाला: त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. इतर टीममध्ये परिचारिका गप्प राहत होत्या, कारण सांगितलं की काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. तुमच्या विभागाच्या मासिक आढाव्यात सलग सहा महिने काहीच चुकलेलं नसेल, तर अभिनंदन करून घेण्याआधी दोनदा विचार करा.

इथपर्यंत चुकीबद्दल बोललो. प्रगतीचं काय? टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांना रोजच्या कामाची छोटी नोंद लिहायला लावली. जवळपास बारा हजार नोंदी जमल्या. त्यांनी शोधलं की माणसाचा दिवस चांगला जातो तेव्हा त्या दिवशी घडलेलं असतं काय. सगळ्यात चांगल्या दिवसांपैकी ७६ टक्के दिवशी एकच गोष्ट सापडली: काम पुढे सरकलं होतं. मोठं यश मिळालेलं असायलाच हवं असं नाही. अडलेली एखादी गाठ सुटली, एक तुकडा चालू झाला, इतकंच. उलट, सगळ्यात वाईट दिवशी बहुतेकदा काम मागे ढकललं गेलेलं असायचं. २०११ साली हे लिहिताना त्यांनी त्यात आणखी एक आकडा दिला. ६६९ व्यवस्थापकांना त्यांनी विचारलं होतं की माणसांना कामाची ऊर्जा कशातून मिळते. शाबासकी, बक्षीस, स्पष्ट उद्दिष्टं, माणसांचा आधार, आणि काम पुढे सरकायला मदत, या पाच पर्यायांत शेवटचा पहिल्या क्रमांकावर ठेवणारे निघाले पाच टक्के.

याचा आपल्या वीस मिनिटांशी थेट संबंध आहे. अडीच दिवस टेबलावर पडून राहिलेला अहवाल म्हणजे कुणाचे तरी अडीच दिवस काम न सरकलेले. आणि परत येताना तो लाल होऊन आला, की सरकलेलंही मागे गेलं. शाबासकीचा मेल पाठवून हे भरून निघत नाही.

एक सावधगिरी. ‘रोज एक टक्का सुधारा, वर्षात सदतीस पट व्हाल’ हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. आकडेमोड बरोबर आहे, १.०१ चा ३६५ वा घात ३७.८ येतो. पण कुठल्याही टीमचं काम असं चक्रवाढ व्याजानं वाढत नाही. पहिल्या महिन्यात झपाट्यानं सुधारतं, मग आठवडेच्या आठवडे जागचं हलत नाही, मध्येच कुणी महत्त्वाचा माणूस सोडून जातो आणि दोन पावलं मागे. सदतीस पटीचं स्वप्न दाखवणारा साहेब आणि शंभर टक्के अचूकता मागणारा साहेब, दोघंही खरं काम कसं चालतं ते पाहत नाहीत.

आता तो आक्षेप, जो वाचणाऱ्याच्या मनात केव्हाचा असेल. ही तर पाट्या टाकायला परवानगीच झाली! ‘चालतंय की’ म्हणून काम उरकणाऱ्यांची कमी आहे का?

नाही, कमी नाही. पण ‘चालतंय’ म्हणणारा आणि परफेक्शनिस्ट यांच्यात एक साम्य आहे: दोघंही कामाला पुन्हा हात लावत नाहीत. पहिला एकदा उरकून मोकळा होतो. दुसरा एकदाच, पण सर्वांगसुंदर करून मोकळा व्हायला पाहतो. टप्प्याटप्प्यानं सुधारणारा माणूस त्याच कामाकडे परत परत येतो, आणि याला शिस्त लागते. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला काही खटकलं की तो दोरी ओढतो. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, ठरलेल्या जागेपर्यंत प्रश्न सुटला नाही तर सगळी लाइन थांबते. वरवर पाहता हा काटेकोरपणाचा कळस वाटेल. पण हे होतं ते दोष अजून एका बोल्टाएवढा असताना. तपासणी शेवटच्या टेबलावर साठवून ठेवलेली नाही, ती कामाच्या जागीच वाटून टाकली आहे, आणि दोरी ओढणाऱ्याकडे कुणी डोळे वटारून पाहत नाही. ही कल्पना जुनी आहे. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोदा यांनी १९२४ साली बाजारात आणलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा.

मग जिथे खरोखर चूक परवडत नाही, तिथे? शस्त्रक्रियेत, विमानात, पगाराच्या हिशेबात, कायद्याच्या कागदात? तिथे तपासायलाच हवं, यात वाद नाही. पण तिथेही ‘प्रत्येकानं परफेक्ट असावं’ हा उपाय चाललेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची यादी फक्त १९ मुद्द्यांची आहे. रुग्ण तोच ना, जागा तीच ना, प्रतिजैविक दिलं का, असे प्रश्न. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. यादी छोटी आहे म्हणून ती वापरली जाते. सगळं काही टिपणारी दोनशे मुद्द्यांची यादी कुणी वाचली असती?

तेव्हा साहेबांचं खरं काम म्हणजे कुठे वीस मिनिटं जास्त द्यायची आणि कुठे वीस कमी करायची, हे ठरवणं. जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रांत यासाठी दारांची उपमा दिली होती: काही दारांतून परत येता येतं, काहींतून नाही. परत येता येणार असेल तर निर्णय झटपट घ्या, लागणाऱ्या माहितीपैकी सत्तर टक्के हाती आली की पुरे. बेझोस यांच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही, पण ही कसोटी कामाची आहे. आतल्या लोकांसाठीचा साप्ताहिक आढावा उद्या दुरुस्त करता येतो. करारातला दंडाचा आकडा नाही येत. दोन्हींवर सारखाच वेळ घालवणारा साहेब काटेकोर नसतो, त्याला फक्त फरक करायचा कंटाळा असतो.

रोजच्या कामात हे कसं उतरवायचं, याचं एकच सूत्र माझ्याकडे नाही. नंतर दुसरी टीम मिळाली तेव्हा मी दोन-तीन गोष्टी करून पाहिल्या. काम दाखवणाऱ्यानं आधीच सांगायचं की हे किती झालंय आणि माझ्याकडून काय हवंय: दिशा बरोबर आहे का ते, की आकडे तपासून, की फक्त सही. तीस टक्के झालेल्या मसुद्यात शुद्धलेखनाला हात लावायचा नाही, हा नियम मी मला घातला. (पाळणं फार जड गेलं. चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ दिसला की हात शिवशिवतोच.) काम ‘झालं’ केव्हा म्हणायचं हे सुरू करतानाच दोन ओळींत लिहून घ्यायचं, कारण ते लिहिलेलं नसलं की ‘झालं’ हे साहेबांच्या त्या दिवसाच्या मूडवर ठरतं. आणि माझे स्वतःचे कच्चे मसुदे टीमला दाखवायचे. हे सगळ्यात अवघड होतं आणि बहुधा सगळ्यात उपयोगी. माझी अर्धवट, खोडाखोड केलेली टिपणं पाहिल्यावर तीन आठवड्यांच्या आत लोक आपलीही दाखवू लागले. त्याआधी मी “कच्चं असलं तरी पाठवा” हे कितीतरी वेळा सांगितलं होतं, कुणी पाठवलं नव्हतं.

फसलंही. एकानं ‘तीस टक्के’ या सवलतीचा अर्थ असा घेतला की उरलेले सत्तर मी करणार. त्याच्याशी स्पष्ट बोलावं लागलं, एकदा नाही, तीनदा.

त्या दुसऱ्या टीममधला पहिला खरा कच्चा मसुदा मला आठवतो. शुक्रवारी द्यायचा अहवाल मंगळवारी सकाळी आला, एक पान, पाच मथळे, खाली बहुतेक रिकामी जागा. तिसऱ्या मथळ्याखाली लिहिलं होतं, “हे गेल्या वर्षीच्या तुलनेत दाखवायचं की उद्दिष्टाच्या तुलनेत?” मी लाल पेन हातात घेतलं आणि लक्षात आलं की याचं उत्तर मलाही माहीत नाही. पेन खाली ठेवलं आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं, त्यांना फोन लावला.